आज्जा उंबरठा का ओलांडतात? साथीतलं ज्येष्ठांचं विलगीकरण, घराच्या बाजूने

डिसेंबर २०२३ मध्ये कोरोनाचा जेएन.१ हा उपप्रकार पसरू लागला, तेव्हा कर्नाटक सरकारने साठीपुढच्यांना मास्क लावायला सांगितलं. अजूनही रुग्ण वाढल्याची बातमी टीव्हीवर आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत तेच बोलणं सुरू होतं. "आज्जा, चार दिवस घरात बसा की." "बसलोय की मी!" आणि थोड्या वेळाने बघावं तर सोप्यातल्या चपला गायब.

मग घरचे चिडतात. म्हातारं माणूस हट्टी, सांगून ऐकत नाही, असा निकाल लागतो. पण वय झालेलं माणूस खोलीबाहेर येतं त्यामागे बहुतेक वेळा एखादं साधं, सोडवता येण्यासारखं कारण असतं. डेअरीला दूध घालायचं असतं, संडास घरामागच्या परड्यात असतो, गोळ्या संपलेल्या असतात, किंवा सांगितलेलं नीट ऐकूच आलेलं नसतं. ते कारण हाती लागेपर्यंत ओरडण्याचा काही उपयोग होत नाही.

## गोठ्यातलं शहाणपण

२०२२ मध्ये जनावरांत लम्पी आला तेव्हाचं आठवा. अंगावर गाठी आलेलं जनावर दावणीतून सोडून लांब बांधायचं. बाजारातून आणलेली नवी गाय धडधाकट दिसली तरी काही दिवस वेगळी ठेवायची. आणि कोवळं वासरू या दोन्हींपासून दूर, आतल्या अंगाला बांधायचं. गोठा असलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

माणसांच्या साथीतही हीच तीन कामं आहेत. आजारी माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे विलगीकरण, ज्याला लोक आयसोलेशन म्हणतात. आजाऱ्याच्या संपर्कात आलेल्या, पण अजून बऱ्या असलेल्या माणसाने काही दिवस वेगळं राहून वाट बघणं म्हणजे क्वारंटाइन. आणि ज्याला काहीच झालेलं नाही, पण झालं तर जिवावर बेतेल, अशा माणसाला गर्दीपासून जपणं ही तिसरी गोष्ट. २०२० मध्ये तिला रिव्हर्स क्वारंटाइन म्हणत. आपण जपणूक म्हणू.

घरात गोंधळ होतो तो इथेच. तिन्हींसाठी आपण आज्जाला एकच वाक्य सांगतो: "घरात बसा." पहिल्या दोन गोष्टींना शेवटची तारीख असते, तिसरीला नसते. लॉकडाऊननंतरही केंद्राच्या सूचनांत ६५ वर्षांपुढच्यांनी अत्यावश्यक कामाशिवाय बाहेर पडू नये, असं महिनोन्‌महिने होतं. सात दिवस खोलीत बसणं जमतं. सात महिने कुणालाच जमत नाही, जमू नयेही.

म्हणून आधी ठरवा की आपल्या घरात तिन्हींपैकी काय चाललं आहे. जपणूक असेल तर खोलीची गरजच नाही. आज्जा परड्यात बसू शकतात, स्वतःच्या शेताच्या बांधावर फिरू शकतात, समोरच्या माणसाशी दोन मीटरवरून बोलू शकतात. टाळायची असते ती बंद जागेतली गर्दी: भरलेली वडाप म्हणजे शेअर जीप, लग्नाचा हॉल, बँकेतली रांग. एवढी मोकळीक दिली तर उरलेली बंधनं पाळण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

## दिवस किती, आणि ते कुठून आले

कोरोनात लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते १४ दिवस जाऊ शकतात. सुरुवातीचं क्वारंटाइन १४ दिवसांचं होतं ते त्यामुळे. सौम्य आजारात माणूस लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून नंतरच्या सुमारे दहा दिवसांपर्यंत दुसऱ्याला रोग देऊ शकतो आणि त्यातला मोठा वाटा सुरुवातीच्या दिवसांत असतो. जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सौम्य रुग्णासाठी नियम केला: चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून किमान ७ दिवस, आणि सलग ३ दिवस ताप नाही, मग विलगीकरण संपलं. साठीपुढच्यांना आणि मधुमेह, रक्तदाब, हृदय, फुप्फुस, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना मात्र डॉक्टरांनी तपासून होकार दिल्यावरच घरी ठेवायचं.

पुढची साथ दुसऱ्या रोगाची असेल तर आकडे बदलतील. पद्धत बदलणार नाही: शेवटची तारीख विचारून घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्याभोवती ठळक गोल काढा. कधी संपणार हे दिसत असलं की थांबणं सोपं जातं.

## बैल, रस्ता आणि जायचं ठिकाण

माणूस एखादी गोष्ट का करतो, का करत नाही, याचा अभ्यास करणारे तीन गोष्टी बघतात. क्षमता, म्हणजे ते करण्याचं बळ आणि समज. संधी, म्हणजे आजूबाजूची परिस्थिती ते करू देते का. आणि इच्छा. गाडीला बैल हवा, रस्ता हवा, आणि कुठे जायचं ते ठरलेलं हवं. तिन्हींपैकी एक नसलं तरी गाडी जागची हलत नाही.

आपण मात्र फक्त इच्छेवर बोट ठेवतो. "त्यांना कळतच नाही, मनावरच घेत नाहीत." ब्रिटनमध्ये हजारो लोकांना वारंवार प्रश्न विचारून झालेली एक मोठी पाहणी २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. लक्षणं आली तर घरात थांबू, असं बहुतेकांनी सांगितलं होतं. प्रत्यक्षात लक्षणं आल्यावर पूर्ण विलगीकरण पाळणारे निम्म्याहून कमी निघाले. इच्छा होती, रस्ता नव्हता. न पाळणाऱ्यांत कोण जास्त होते? पुरुष, कमी वयाचे, घरात लहान मूल असलेले, पैशाची ओढाताण असलेले. म्हातारी माणसं ऐकत नाहीत हा समज त्या पाहणीत टिकला नाही. तो देश वेगळा, तिथली घरं वेगळी, हे खरं. पण पैशाची ओढ माणसाला घराबाहेर काढते हे निपाणीतही तितकंच खरं आहे.

## बाहेर ओढणारी कामं

एक वही घ्या आणि आज्जा-आज्जी गेल्या पंधरा दिवसांत कशाकशासाठी घराबाहेर गेले ते त्यांनाच विचारून लिहा. आपल्या भागात यादी साधारण अशी निघते.

पहिलं दूध. डेअरीला सकाळ-संध्याकाळ दूध घालायचं, एक वेळ चुकली तरी बिलात दिसतं. डबा नेण्याचं काम कुणीही करू शकतं, खाते क्रमांक सांगितला की झालं. खरी अडचण पिळण्याची आहे. बऱ्याच म्हशी ओळखीच्या हाताशिवाय पान्हा सोडत नाहीत, आणि तो हात आज्जांचा असतो. त्यामुळे साथ नसतानाच घरातल्या दुसऱ्या कुणी आठवड्यातून दोन-तीनदा म्हैस पिळायची सवय ठेवावी. क्वारंटाइनमधलं बरं माणूस गोठ्यात दुसरं कुणी नसताना, मास्क लावून पिळू शकतं. डबा पुढे दुसऱ्याने न्यावा. तापाने फणफणलेल्या माणसाने मात्र गोठ्यात जाऊच नये.

निपाणी भागात विड्या वळणाऱ्या आज्जींचं कामच घरात चालतं. पण पान-तंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या जमा करायला जावं लागतं, मजुरी हजार विड्यांवर ठरते. सात दिवस माल गेला नाही की सात दिवसांची कमाई गेली. त्यात आजारी माणसाने विड्या वळणं म्हणजे तंबाखूच्या धुळीत खोकत बसणं. घरच्यांनी तो खाडा भरून देऊ असं स्पष्ट बोलावं, नुसतं "काळजी करू नको" म्हणू नये. रक्कम सांगितली की विश्वास बसतो.

मग पेन्शन. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे आसपासच्या गावांत माजी सैनिक पुष्कळ. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गर्दी होते. केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांपैकी ८० वर्षांपुढच्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. शिवाय जीवन प्रमाण ही डिजिटल सोय आहे. पोस्टमन घरी येऊन अंगठा घेतो, किंवा मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला जातो. कर्नाटक सरकारची ज्येष्ठांसाठीची संध्या सुरक्षासारखी पेन्शन खात्यात जमा झाली की तिथेच राहते. पहिल्या आठवड्यात काढली नाही म्हणून परत जात नाही, हे आज्जीला पासबुकावरची नोंद दाखवून समजवा. अनेकींना मनापासून वाटतं की पैसे उचलले नाहीत तर सरकार बंद करेल.

रेशन दुकानात अंगठा कार्डावरच्या कुठल्याही सदस्याचा चालतो. पंचाईत होते ती ज्या म्हाताऱ्या जोडप्याचं कार्ड वेगळं आहे त्यांची. दुकानदाराशी आधी बोलून गर्दी नसलेली वेळ ठरवून घ्यावी.

औषधं हे सगळ्यात टाळता येण्याजोगं कारण. रक्तदाब, साखर, थायरॉइडच्या गोळ्या घरात कधीही ३० दिवसांच्या असाव्यात. डबा निम्मा झाला की पुढची चिठ्ठी. गोळ्या संपल्या म्हणून दोन दिवस न घेणं हे साखर-रक्तदाबाच्या माणसाला साथीइतकंच महागात पडू शकतं.

आणि मयत. आपल्याकडे दुःखाच्या घरी न जाणं हा अपमान समजतात, आणि वय झालेल्या माणसाला तर आपल्या पिढीचं एकेक माणूस जाताना न जाणं असह्य होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती. कित्येकांना जिवाभावाच्या माणसाचं तोंडही बघता आलं नाही. ती जखम अजून ओली आहे. "जाऊ नका" एवढंच सांगून ती भरत नाही. त्या घरी फोन लावून द्या, दोघांना बोलू द्या, आणि विलगीकरण संपल्यावर कुठल्या दिवशी भेटायला न्यायचं ते त्याच वेळी ठरवा.

## दोन राज्यांच्या मधे

सीमाभागात एक अडचण अशी आहे जी पुण्या-मुंबईच्या किंवा बंगळूरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. इथल्या मराठी घरातल्या टीव्हीवर बातम्या महाराष्ट्राच्या लागतात. नियम लागू होतात कर्नाटकाचे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राचे कडक निर्बंध १४ एप्रिलच्या रात्री सुरू झाले, कर्नाटकाचं चौदा दिवसांचं बंद २७ एप्रिलच्या रात्री. मधल्या दिवसांत टीव्ही सांगतोय एक आणि गावात चाललंय दुसरं. अशा वेळी माणूस दोन्हींवरचा विश्वास सोडतो आणि कट्ट्यावर जे कानावर येईल ते धरतो.

भाषेचंही तसंच. सरकारी पत्रकं, दवाखान्यातले फलक, मोबाईलवरचे संदेश प्रामुख्याने कन्नडमध्ये येतात. इथल्या पुष्कळ ज्येष्ठांना कानडी बोलून-ऐकून कळतं, बाजारात अडत नाही, पण लिपी वाचता येत नाही. गोळीच्या पाकिटावर नर्सने कानडीत लिहिलेलं "जेवणानंतर" त्यांच्यासाठी कोरं असतं. आशाताई किंवा डॉक्टर सूचना देतील तेव्हा त्या तिथल्या तिथे मराठीत, मोठ्या अक्षरांत, एका कागदावर उतरवून घ्या: काय करायचं, किती दिवस, कधी फोन करायचा. तीन ओळी पुरतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी नातवाने मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवावा.

आणि नाती तर सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. लेक गडहिंग्लजला किंवा इचलकरंजीला, हृदयाचे डॉक्टर कोल्हापूरला. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल मागत. एरवी तासा-दीड तासात येणारी लेक तेव्हा परदेशात असल्यासारखी होती. ज्या घराचा सगळा आधार पलीकडे आहे, त्याने अलीकडचं एक माणूस आणि एक डॉक्टर आधीच पक्का करून ठेवावा. कोल्हापूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी, तपासण्यांचे कागद, औषधांची नावं यांचे फोटो दोन माणसांच्या फोनमध्ये असावेत.

## खोली, संडास आणि तांब्याभर पाणी

खोली निवडताना पहिलं बघायचं ते हवा. कोरोनासारखा रोग श्वासातून बाहेर पडणाऱ्या बारीक कणांनी पसरतो. अगरबत्तीचा धूर ज्या खोलीत कोंडतो तिथे हे कणही कोंडतात. समोरासमोर दोन खिडक्या, किंवा खिडकी आणि दार, उघडी राहतील अशी जागा उत्तम. मंगळुरी कौलांच्या जुन्या घरात वरच्या फटींतून हवा खेळते. स्लॅबच्या नव्या खोलीत ती सोय नसते. खानापूरकडच्या पावसाळ्यात खिडक्या बंद ठेवाव्याशा वाटतात, तरी वाऱ्याच्या उलट बाजूची एक खिडकी उघडी असू द्या आणि आज्जीच्या अंगावर घोंगडं द्या.

आता संडासाचं. अनेक घरांत तो मागच्या परड्यात असतो, वाटेत पायरी, रात्री अंधार, पावसात शेवाळ. म्हातारं माणूस यावर स्वतःच एक उपाय काढतं: पाणी कमी पितं. कुणाला सांगत नाही. दोन दिवसांत तोंड कोरडं पडतं, उठताना चक्कर येते, आणि मग परड्याच्या पायरीवर पडून खुब्याचं हाड मोडतं. विलगीकरणातलं हे संकट विषाणूमुळे आलेलं नसतं, पण येतं विलगीकरणामुळेच.

उपाय स्वस्त आहेत. रात्रीसाठी खोलीतच खुर्चीचा कमोड किंवा भांडं. वाटेवर बॅटरीचा दिवा, कारण वीज नेमकी पावसातच जाते. पायरीला आधाराची दोरी किंवा बांबू. संडास एकच असेल तर घरच्यांनी आधी उरकावं आणि आजारी माणसाने शेवटी जावं, मास्क लावून, आणि नंतर खिडकी-दार उघडं ठेवावं. पाण्याचा हिशेब तांब्यात ठेवा: सकाळी भरलेला तांब्या दुपारी रिकामा दिसला पाहिजे. पेज, ताक, आंबील हेही त्यातच धरा. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी डॉक्टरांचंच प्रमाण पाळावं.

पुसायला ब्लिचिंग पावडर वापरणार असाल तर एक लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम, रोजच्या रोज नवीन. तिच्यात संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जीव घेऊ शकतो. एरवी पुसापुशीवर फार वेळ घालवू नका, तोच वेळ खिडकी उघडी ठेवण्यावर आणि मास्कवर द्या.

## ऐकू आलं का, आठवलं का

मास्क लावून दारातून बोललेलं कमी ऐकू येणाऱ्या माणसाला निम्मं कळतं. ओठ दिसत नाहीत, आवाज दबतो. मग आपण ओरडतो, आणि ओरडण्याने तोंडातून कण जास्त बाहेर पडतात. त्यापेक्षा फोन स्पीकरवर ठेवून त्यांच्या कानाशी देता येतो. वाचणाऱ्यांसाठी पाटी आणि खडू. श्रवणयंत्र असेल तर त्याच्या सेलचं एक जादा पाकीट घरात हवंच. सेल संपले की माणूस खोलीत खरोखर एकटा पडतो.

विस्मरण असलेल्यांचं वेगळं आहे. त्यांना नियम सांगून ठेवता येत नाही, दर वेळी नव्याने सांगावा लागतो. "कोरोना आहे ना, सांगितलं ना!" यातून फक्त भीती उरते. त्यांचा रोजचा क्रम तोच ठेवा, चहाची वेळ, हरिपाठाची वेळ, आणि हातात काम द्या: तांदूळ निवडणं, शेंगा फोडणं. दाराला बाहेरून कडी घालू नका, कधीच. आग लागली, पडले, श्वास अडकला, तर आत कुणी पोहोचणार नाही. दाराला घुंगरू किंवा घंटी बांधली की उघडल्याचं कळतं, तेवढं पुरे.

## भीती आणि मान

काही माणसं खोलीत थांबत नाहीत, काही त्याआधीच लक्षणं लपवतात. मार्च २०२० मध्ये कर्नाटकात घरी क्वारंटाइन केलेल्यांच्या हातावर शिक्का मारत, दारावर कागद चिकटवत. ते दार गल्लीला कितीतरी महिने लक्षात राहिलं. म्हणून ताप आला तरी आज्जी म्हणते, "उन्हाने तापलंय अंग." तिला रोगापेक्षा शेजारणीची भीती असते. आणि "दवाखान्यात नेलं की परत येत नाही" हीही. २०२० च्या मार्चमध्ये लॅन्सेटमध्ये क्वारंटाइनच्या मानसिक परिणामांवरचा आढावा आला, त्यात जी कारणं निघाली ती आपल्या गल्लीतलीच वाटतात: लांबलेले दिवस, लागणीची भीती, अपुरं सामान, अपुरी माहिती, पैशाचं नुकसान, आणि कलंक.

मानाचा प्रश्न याहून नाजूक. घरातली वडीलधारी व्यक्ती ती, जिला विचारून पेरणीची तारीख ठरते. तिला एका दिवसात "इथे बसा, हात लावू नका, ताट वेगळं" ऐकावं लागतं. वेगळं ताट-वाटी या गोष्टीला आपल्या समाजात जुना, कडवट अर्थ आहे, हे विसरू नका. म्हणून वेगळं ताट देताना कारण सांगा, आणि त्याच वेळी निर्णयात घ्या. शेतात कुठलं खत घालायचं, पाहुण्यांना काय कळवायचं, हे त्यांना फोनवर विचारा. सुनेने किंवा लेकाने हुकूम सोडण्यापेक्षा "बाबा, नातवाला लागू नये म्हणून तुम्ही इथे थांबता का?" असं विचारलं तर उत्तर बहुधा वेगळं येतं. आपला जीव वाचवायला न थांबणारी माणसं नातवंडांसाठी थांबतात.

## "पण आमच्याकडे खोलीच एक आहे"

मग खोलीऐवजी अंतर, हवा आणि वेळ वापरायची. आजारी माणूस खिडकीजवळ, बाकीचे दाराजवळ, डोकी विरुद्ध दिशांना. जमेल तर बाकीच्यांनी पडवीत झोपावं. सगळ्यांनी मास्क, जेवताना आळीपाळीने. सेवा एकाच माणसाने करावी आणि ते माणूस दुसरं म्हातारं नसावं. आपल्याकडे मात्र आज्जांची सेवा आज्जीच करते, वयाची सत्तरी उलटलेली, स्वतःला साखर असलेली. तिला हे काम सोडायला सांगणं अवघड आहे, तिला ते आपलं कर्तव्य वाटतं. तिला खोलीबाहेरचं काम द्या: जेवण ती करेल, आत नेणार लेक.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्लेग आला तेव्हा बेळगाव-धारवाडकडची माणसं गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. घरंच्या घरं बाहेर पडत, मोकळ्या हवेत. शेतात खोपटं असेल, पाणी असेल, सोबतीला धडधाकट माणूस असेल, तर जपणुकीसाठी ही वाट आजही चांगली आहे. आजारी ज्येष्ठासाठी नाही. रात्री श्वास लागला तर रुग्णवाहिका पोहोचली पाहिजे.

## "लस घेतली आहे, मग कशाला?"

लस गंभीर आजार आणि मृत्यूचा धोका कमी करते. लागण पूर्ण थांबवत नाही, आणि लागण झालेलं लस घेतलेलं माणूसही दुसऱ्याला रोग देऊ शकतं. म्हणून पॉझिटिव्ह आल्यावर दिवस पाळायचेच. पण लसवंत आणि बऱ्या असलेल्या ज्येष्ठाला केवळ वयामुळे कोंडून ठेवायचं कारण त्यातून निघत नाही.

## "एकटं ठेवलं तर खचतील"

हा आक्षेप खरा आहे. एकटेपणाचा संबंध हृदयविकार, पक्षाघात, विस्मरण या सगळ्यांशी दिसून आला आहे. म्हणून शरीर वेगळं ठेवायचं, बोलणं तोडायचं नाही. फोनची वेळ ठरलेली असावी, सकाळी आणि संध्याकाळी. "जमेल तेव्हा करतो" यात माणूस दिवसभर वाट बघतं. पुण्याला असलेल्या लेकाने रोज दहा मिनिटं बोलणं हे त्याने पाठवलेल्या फळांच्या पेटीपेक्षा जास्त कामाचं. एकटं राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, मन फार खचलं तर टेलिमानसचा १४४१६.

## कधी थांबायचं नाही

ज्येष्ठांत ताप-खोकला नसतानाही आजार वाढू शकतो. अचानक असंबद्ध बोलणं, जेवण सोडणं, दिवसभर झोपून राहणं, विनाकारण पडणं, ही पहिली लक्षणं असू शकतात. "वयामुळे असेल" म्हणून सोडू नका.

ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा, हात गार असेल तर चोळून गरम करा, नखाला रंग असेल तर काढा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. तासाभरात तीनदा बघून तो ९३ किंवा खाली येत असेल, मिनिटाला २४ पेक्षा जास्त श्वास चालत असतील, १०० अंशांवरचा ताप तीन दिवसांनी उतरत नसेल, छातीत दुखत किंवा दाबल्यासारखं होत असेल, किंवा माणूस नीट जागं होत नसेल, तर विलगीकरणाचा विचार सोडून १०८ ला फोन करा. आरोग्याच्या सल्ल्यासाठी १०४ आहे. मनाने स्टेरॉइडच्या गोळ्या देऊ नका. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने गाठलेल्यांत साखरेचे रुग्ण आणि स्टेरॉइड घेतलेले मोठ्या संख्येने होते.

## आठव्या दिवशी

दिवस संपले म्हणून आज्जांना लगेच शेतावर पाठवू नका. निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवून झालेल्या एका प्रयोगात त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो स्नायू कमी झाले होते. म्हणून विलगीकरणातही, ताप नसेल आणि दम लागत नसेल, तर दर दोन तासांनी उठून खोलीत फेरी मारायची, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, आधी पाचदा, जमेल तसं दहादा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, सरकली की पडतील. बाहेर पडल्यावर पहिले दोन दिवस अंगणापर्यंत, मग कट्ट्यापर्यंत, आणि मळ्याची वाट धरायची ती आठवडाभराने, सोबत कुणाला तरी घेऊन.